काठमांडूतलं गलाईचं दुकान पुन्हा उघडायचंय: कागद, पैसे, कर्फ्यू आणि तेजाब

भिवघाटची_वाट (विटा, जि. सांगली)

नमस्कार मंडळी. माझे धाकटे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं (मुलगा १६, मुलगी ७) आणि एक कारागीर असे पाच जण भाऊबीज झाली की काठमांडूला परत निघणार आहेत. गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं) दुकान न्यू रोडच्या आतल्या गल्लीत, राहणं त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. सप्टेंबर २०२५ मधल्या सरकारविरोधी दंग्यात दुकानाला धक्का लागला नाही, पण कुलूप लावून सगळे गावी आले ते अजून इथंच आहेत. आता मंसिरची (नोव्हेंबर-डिसेंबरातली) लगीनसराई तोंडावर आलीय आणि तिथल्या सराफांचे फोन सुरू झालेत.

दिरांकडे पासपोर्ट आहे, जाऊबाईंकडे मतदान कार्ड, कारागिराकडे नुसतं आधार. एवढ्यावर भागेल का? पैसे कसे न्यावेत, इथून पाठवायचे झाले तर कसे? परत कर्फ्यू लागला तर घरात काय आणि किती असावं? आणि सगळ्यात मोठी काळजी दुकानाची. गिऱ्हाइकाचं सोनं, तेजाबाचे (नायट्रिक ॲसिडचे) कॅन, गॅस, सगळं खाली आणि लेकरं वर. मुलांना आत्ताच न्यावं का, हेही सांगा.

‘आत्ता कशाला जाताय’ हे घरात सगळ्यांनी सांगून झालंय, तेवढं सोडून बोला.

---

न्यूरोडचा_पाव्हणा

वहिनी, आधी कारागिराचं बघा. अडला तर तोच अडणार आहे.

भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र लागतंच. विमानाने जाताना मोठ्या माणसाला चालतात ती दोनच: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड. आधार चालत नाही. आधार वा तसलं दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र १५ वर्षांच्या आतल्या मुलांना आणि ६५ च्या वरच्या माणसांना चालतं, त्यामुळे सात वर्षांच्या पोरीचा प्रश्न नाही. मुलगा १५ ते १८ मध्ये येतो, त्याला शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र घ्या, फोटोवर शाळेचा शिक्का आलेला असावा. आई-बापांपैकी एकाकडे पासपोर्ट असेल तर बाकी कुटुंबाला नात्याचा पुरावा आणि कुठलंही फोटो ओळखपत्र पुरतं अशी सवलत आहे, पण विमान सुटायच्या वेळेला खिडकीवरच्या माणसाशी नियमावर हुज्जत घालण्यापेक्षा शाळेचा कागद खिशात असलेला बरा. कारागीर कुटुंबात मोडत नाही, त्यामुळे ही सवलत त्याला नाही. त्याचं मतदान कार्ड हरवलं असेल तर दुसरं काढा, मुळात नसेलच तर पासपोर्टला टाका, आणि तोवर त्याला मागे ठेवा. मतदान कार्ड मूळ हवं, मोबाइलमधला फोटो नको. कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

‘गाडीने सोनौलीच्या सीमेवरून जाऊ, तिथं कोण विचारतंय’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. आता विचारतात. ८ आणि ९ सप्टेंबरच्या गोंधळात नेपाळच्या तुरुंगांतून १३ हजारांवर कैदी पळाले, त्यातले काही भारताच्या हद्दीकडे आले. त्यामुळे सीमेवर, हमरस्त्यावरच्या नाक्यांवर आणि शहरातही ओळखपत्र मागायला लागले. परका चेहरा, खिशात कागद नाही आणि हाताला तेजाबाचे डाग, अशा माणसाला बाजूला उभं करणारच.

आता खरा मुद्दा. व्हिसा नाही म्हणून तुमची तिथं धड नोंद होत नाही. रस्त्याने गेलेल्या भारतीयाच्या पासपोर्टवर शिक्कासुद्धा पडत नाही. अमेरिकन पर्यटक तिथं किती आहेत हे त्यांच्या दफ्तरात सापडतं, विट्याचा माणूस कागदावर नसतोच. एरवी ही सोय वाटते, गडबडीत तीच अडचण होते. म्हणून नोंद आपली आपणच तयार करायची. लैनचौरला भारतीय दूतावास आहे, तिथं पाचही जणांची नोंद करा: नाव, ओळखपत्राचा क्रमांक, दुकानाचा आणि राहण्याचा पत्ता वडा (वॉर्ड) क्रमांकासकट, नेपाळी आणि भारतीय दोन्ही मोबाइल नंबर, आणि विट्यातल्या एका माणसाचा नंबर. दूतावासाच्या संकेतस्थळावरचे तातडीचे नंबर फोनमध्ये ठेवा आणि कागदावर लिहून भिंतीलाही चिकटवा.

घरबेट्याबरोबरचा (घरमालकाबरोबरचा) बहालाचा (भाड्याचा) करार तोंडी असेल तर आता लेखी करा. त्यात पाचही नावं घालायची. कारागीर ‘दुकानातला’ म्हणून सुटतो आणि चौकशीत नेमका तोच सापडतो. करारावर विक्रम संवताची आणि आपली, दोन्ही तारखा घाला. ८ सप्टेंबर २०२५ म्हणजे तिकडचा २३ भदौ २०८२. एकच तारीख घातली की महिन्याभराचा घोळ ठरलेला.

सगळ्या कागदांच्या तीन प्रती काढा. एक तिथं, एक तुमच्याकडे विट्यात, एक ईमेलवर. त्या दोन दिवसांत सिंहदरबार, संसद, सर्वोच्च न्यायालय, कित्येक वडा कार्यालयं आणि पोलीस चौक्या जळाल्या. ‘आमच्याकडे रेकॉर्ड असेल’ अशी खात्री त्यानंतर तिथं कुणी देऊ शकत नाही. दुकानाच्या पॅनचा कागद, कर भरल्याच्या पावत्या, वड्याच्या शिफारशी, जे काही असेल त्याची प्रत आपल्याचकडे हवी.

---

माणगंगा (आटपाडी)

कागदाचं वर आलंय. मी कर्फ्यू आणि रोजच्या जगण्याचं सांगतो.

तिथं कर्फ्यू एरवी सरकार थेट लावत नाही, जिल्हा लावतो. प्रमुख जिल्हा अधिकारी आदेश काढतो, आणि काठमांडू खोऱ्यात जिल्हे तीन आहेत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर. बाहेरच्या माणसाला हे सगळं एकच शहर वाटतं. न्यू रोडवरून पाटणला जाताना बागमतीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. सकाळी इकडे सूट होती म्हणून पलीकडे गेलेला माणूस दुपारी पलीकडचा आदेश वेगळा निघाल्यामुळे अडकतो. तेव्हा बातमी वाचताना ‘काठमांडूत कर्फ्यू’ एवढ्यावर थांबू नका. आदेशात जिल्हा, वेळ आणि हद्द दिलेली असते, अमुक चौकापासून तमुक पुलापर्यंत अशी. ती हद्द नकाशावर बोटाने फिरवून बघा.

आदेश दोन प्रकारचे असतात. ‘निषेधाज्ञा’ म्हणजे आपली जमावबंदी. जमाव, मोर्चा, घोषणा बंद; एकटा माणूस किराणा आणू शकतो, पण मूळ आदेश वाचून, कारण काही वेळा हालचालीवरही बंदी घालतात. ‘कर्फ्यु’ म्हणजे घराबाहेर पाऊलच नाही. सप्टेंबरात ९ तारखेच्या रात्री लष्कर रस्त्यावर आलं, नंतरचे दिवस हे दोन्ही आलटून पालटून होते आणि मध्ये सकाळ-संध्याकाळ काही तास सूट दिली जायची. त्या सुटीतच सगळं शहर भाजीला धावतं. म्हणून घरात साठा असेल तर सुटीच्या पहिल्या तासात बाहेर पडू नका, गर्दी तेव्हाच असते आणि गडबड झाली तर गर्दीतच होते.

साठ्याचा हिशोब सात दिवसांचा धरा. पाच माणसांना तांदूळ आणि पीठ मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम, म्हणजे १४ किलो. डाळी-कडधान्य ३ किलो, तेल २ लिटर, मीठ, साखर, चहा, दूध पावडर. पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर धरलं तर १०५ लिटर होतं. तिथं २० लिटरचे जार मिळतात, पाच भरलेले आणि एक चालू असे सहा ठेवा. वापरायचं पाणी टँकरचं असेल तर गच्चीवरची टाकी अर्धी झाली की लगेच भरून घ्यायची. टँकर कर्फ्यूत येत नाही. गॅस नेपाळमध्ये सगळा भारतातून जातो, सीमेवर ट्रक अडले की चार-सहा दिवसांत टंचाई. घरचे सिलिंडर दोन हवेत, आणि एक इंडक्शन शेगडी, तिला चालणाऱ्या भांड्यांसकट. भट्टीचा गॅस स्वयंपाकाला आणि स्वयंपाकाचा भट्टीला हे आपले लोक करतात, तसं केलं की दोन्ही एकदम संपतात. ज्वारीचं पीठ इथूनच न्या, तिकडं शोधत बसावं लागतं. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी कुणाला सांगायला नकोच.

औषधं महिन्याची. जाऊबाईंना किंवा कुणाला बीपी-शुगर असेल तर चिठ्ठीसकट, त्यावर गोळीचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँड तिकडे वेगळा असतो.

निरोपाची साधनं दोन ठेवा. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारने नोंदणी न केलेल्या २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, त्यात व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब सगळं गेलं. व्हायबर आणि टिकटॉकने नोंदणी केली होती, ती चालू राहिली. बंदी ८ च्या रात्री उठली. पण चार दिवस ज्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर होतं ते घरच्यांना सापडले नाहीत. इथं विट्यात तुमच्या फोनवर आणि तिथं दिरांच्या फोनवर व्हायबर टाकून एकदा बोलून बघा. इंटरनेटच गेलं तर साधा एसएमएस आणि साधा कॉल. नेपाळी सिम दोन कंपन्यांची घ्या, एकाकडे एनसेल, दुसऱ्याकडे नेपाल टेलिकॉम. रोज ठरलेल्या वेळी एक निरोप, आणि तो चुकला तर किती तासांनी कुणाला फोन करायचा हे आधीच ठरवा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे, हेही त्यात धरा.

रस्ते. मोर्चा बहुधा माइतीघरला जमतो आणि नव्या बानेश्वरकडे सरकतो. ८ सप्टेंबरला तसंच झालं, कारण संसद त्या बाजूला होती. पुढं तीनकुने, तिथंही २८ मार्च २०२५ ला राजेशाहीवाद्यांच्या मोर्चात जाळपोळ होऊन कर्फ्यू लागला होता. न्यू रोडवरून विमानतळाला जायचा नेहमीचा रस्ता याच ओळीतून जातो. म्हणून दुसरा रस्ता, कमलपोखरी, गौशाला असा वरून, एकदा शांत दिवशी चालवून बघून ठेवा. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास आहे, सामान कमी असेल तर चालतही जाता येतं. कर्फ्यूत हातात विमानाचं तिकीट आणि पासपोर्ट असला तर सुरक्षा दलाचे लोक विमानतळाकडे सोडतात. तिकीट छापील असावं, बंद पडलेल्या मोबाइलमधलं तिकीट दाखवता येत नाही.

आणि एक. जळक्या इमारतींचे, सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत. पोराला हे दोनदा सांगा. चहाच्या टपरीवर ‘भारताने असं केलं, तसं केलं’ या वादात पडायचं नाही. २०१५ ची नाकाबंदी तिथं कुणी विसरलेलं नाही, लिपुलेख खिंडीच्या सीमावादाचा विषय २०२५ मध्ये पुन्हा ताजा झाला. दाई, दिदी, हजुर, तपाईं हे चार शब्द लावून मोडकं नेपाळी बोललं तरी चालतं. हिंदी त्यांना कळते, पण पहिलं वाक्य हिंदीत आलं की माणूस पाहुणा ठरतो.

---

टंचवाला (खानापूर)

दुकानाचं मी सांगतो. राहण्या-खाण्याचं कसंही निभतं, गलाईवाला मरतो तो दुसऱ्याच्या सोन्यापायी.

तिकडं सोनं २०२५ च्या ऑक्टोबरात तोळ्याला दोन लाख नेपाळी रुपयांच्या वर होतं. तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे दहा तोळ्यांचा साधा लॉट भट्टीवर असेल तर वीस लाखांच्या वर नेपाळी, आपले साडेबारा लाखांच्या पुढं. लुटीत गेला तर सराफ म्हणणार ‘मी तुझ्या हातात दिला’. आणि तुमच्याकडे कागद नसेल तर त्याने किती दिला, तुम्ही किती परत केला, काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आता सुरुवातीचे काही महिने कामाची पद्धत बदला. रात्री दुकानात गिऱ्हाइकाचा माल नको. सकाळी घ्यायचा, संध्याकाळच्या आत टंच (सोन्याची शुद्धता) काढून परत. एका दिवसात उरकत नाही एवढा लॉट घ्यायचाच नाही, अर्धा अर्धा करून मागवायचा. सराफ कुरकुर करतील, पण त्यांनाही हेच सोयीचं आहे. पावती दोन प्रतींत: आणलेलं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, मालाचं वर्णन, परत दिलेलं वजन, टंच, दोन्ही तारखा, दोघांच्या सह्या. माल त्याच दिवशी देता आला नाही तर पुडी सीलबंद करून, सीलवर सराफाची सही घेऊन, त्याच्याच तिजोरीत ठेवायला द्या.

अर्ध्या कामात बाहेर गलका सुरू झाला तर क्रम पक्का हवा, कारण घाईत चुकीचं बटण आधी बंद होतं. मूसमध्ये (धातू वितळवायच्या भांड्यात) धातू वितळलेला असेल तर आधी तो साच्यात ओतून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मूसमध्येच थिजू दिला तर पुढच्या वेळी तापवताना धातू फुगून मूस तडकते आणि सोनं भट्टीत जातं. मग गॅस सिलिंडरच्या नॉबपाशी बंद, नुसता बर्नरपाशी नाही. तेजाबात काम चालू असेल तर खालची शेगडी बंद, भांड्यावर काच, आणि एक्झॉस्ट पंखा चालूच ठेवायचा. तांबड्या वाफा थांबल्या की मगच पंखा बंद. आधी पंखा बंद केला तर त्या वाफा खोलीत साठतात, आणि नायट्रिकच्या वाफेचा त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊन माणूस जातो. असा वास छातीत गेलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे न्यायचं.

अश्रुधुराच्या वेळी मात्र हाच पंखा उलटा पडतो. तो आतली हवा बाहेर फेकतो, तेवढी बाहेरची हवा शटरच्या फटीतून आत येते, धुरासकट. म्हणून बाहेर गडबडीची नुसती कुणकुण लागली तरी तेजाबाचं नवं काम चढवायचं नाही. म्हणजे धूर आला तेव्हा पंखा बंद करायला मोकळे असता. डोळ्यांत गेलं तर चोळायचं नाही, साध्या पाण्याने धुवायचं, कपडे बदलायचे.

तेजाबाचा साठा आठवड्याच्या कामापुरताच. कॅन मूळ, लेबल शाबूत, बिल सोबत. नाक्यावर किंवा झडतीत बिनलेबलाच्या कॅनचं स्पष्टीकरण देत बसणं या दिवसांत नको. कॅन जमिनीवर प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा, खाली पोतं, भुसा, पुठ्ठा काही नको. नायट्रिक लाकूड-कापडाला लागलं की स्वतःहून पेट घेऊ शकतं. गॅस सिलिंडर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सांडलं तर भरपूर पाणी, मग खाण्याचा सोडा थोडा थोडा. भुसा टाकून टिपायची सवय काही ठिकाणी आहे, ती आगीला आमंत्रण आहे. आग लागली तर वितळलेल्या धातूवर पाणी मारायचं नाही, वाफेचा स्फोट होऊन धातू अंगावर उडतो. कोरड्या पावडरचं सहा किलोचं अग्निशामक जिन्यात, दुकानाच्या आत नव्हे, कारण आग दुकानात असेल तेव्हा ते आत असून उपयोग नाही.

राहणं वर आहे म्हणालात. खालचं शटर हाच एकमेव रस्ता असेल तर आधी त्याचं बघा. त्या जुन्या वस्तीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत, गच्चीवरून शेजारच्या गच्चीत जाता येतं. घरबेटी आणि शेजारी दोघांना विचारून ती वाट मोकळी करून घ्या, गच्चीच्या दाराची किल्ली दारापाशीच, पोरांना अंधारात चालवून बघा.

सोनं सीमेवरून न्यायचं-आणायचं नाही. ‘बहिणीसाठी म्हणून’ सुद्धा नाही. दंग्यानंतर झडती वाढली आणि गलाईवाला म्हटलं की आधी तस्करीचाच संशय.

---

भिवघाटची_वाट

सगळ्यांचे आभार. कारागिराचं मतदान कार्ड सापडलं, पण मूळ नाही, झेरॉक्स आहे; दुसऱ्या कार्डासाठी अर्ज करतोय. गच्चीच्या दाराला घरबेट्याचं कुलूप आहे असं दीर म्हणाले, आज फोन करतील.

पैशांचं आणि विम्याचं राहिलं. आणि मुलांचं.

---

न्यूरोडचा_पाव्हणा

पैशांचं: दर पक्का आहे, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. आपल्या १०० आणि त्याखालच्या नोटा न्या; ५०० च्या न्यायला २०२५ मध्ये तिथं बंदी होती, आताचा नियम विचारून घ्या. अडचणीच्या दिवशी दुकानदार भारतीय नोटेला १.६ पेक्षा कमी भाव धरू शकतो, म्हणून नेपाळी रोकड घरात असावी, माणशी पंधरा हजार नेपाळी तरी, आणि त्यात ५० आणि १०० च्या नोटा जास्त. हजाराची नोट कर्फ्यूच्या सुटीत कुणी मोडून देत नाही.

यूपीआय तिथं मार्च २०२४ पासून दुकानात चालतं, फोनपेच्या क्यूआरवर. तिथला फोनपे म्हणजे आपला फोनपे नव्हे, वेगळी कंपनी आहे. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करावं लागतं, ते विट्यातूनच करून जा. बँकेला जोडलेलं भारतीय सिम त्याच फोनमध्ये, रोमिंग चालू असलेलं हवं. माणसाकडून माणसाला पैसे त्यातून जात नाहीत, फक्त दुकानाला. आणि नेट गेलं की हे सगळं बंद, म्हणून वरची रोकड.

डेबिट कार्डावर मागे किंवा पुढे ‘फक्त भारत, नेपाळ, भूतान’ असं छापलेलं असेल तर ते तिथं एटीएमला चालतं, पण बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर बंद ठेवलेला असू शकतो. जाण्याआधी चालू करा.

इथून पाठवायचे तर बँकेतून एनईएफटीने नेपाळला पाठवायची सोय आहे, भारत-नेपाळ रेमिटन्स म्हणतात. खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत जातात. तुमच्या शाखेत पहिल्यांदा सांगाल तर बाई म्हणेल असं काही नसतं. स्टेट बँकेच्या मोठ्या शाखेत जा. हुंडी (बँकेबाहेरून पैसे फिरवणं) नको. एरवी चालून जातं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण सोन्याच्या धंद्यात हुंडीचा आकडा सापडला की चौकशी सोन्यापर्यंतच जाते.

विमा: दुकानाची साधी आगीची पॉलिसी असेल तर दंग्यात लागलेली आग तिच्यात येतेच असं नाही. तिकडं हुलदंगा (दंगल), तोडफोड, दहशतवाद यांचं संरक्षण वेगळा हप्ता भरून जोडावं लागतं. पॉलिसीत ‘हुलदंगा’ शोधा. आणि गिऱ्हाइकाचा माल त्यात धरलाय का हे लेखी विचारा. बहुतेकदा फक्त तुमची मालकीची मालमत्ता धरलेली असते. दुकान उघडायच्या दिवशी कुलूप काढतानापासून सगळ्याचे फोटो घ्या, तराजू, भट्टी, तिजोरी, नंबर दिसतील असे.

---

बलवडी_फाटा

मुलांबद्दल थोडं वेगळं मत. पाव्हणा आणि माणगंगा यांनी पाचही जण जाणार असं धरूनच लिहिलंय. काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, सीबीएसईचं, आणि त्याचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं; नेपाळी शाळांचं वर्षही वैशाखातच. मुलं दंग्यानंतर इथल्या शाळेत बसली असतील तर नोव्हेंबरात पुन्हा उचलून तिकडं काय साधणार? मुलगा १६ चा म्हणजे दहावी-अकरावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सुशीला कार्कींचं हंगामी सरकार आलं आणि निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठेवली गेली, प्रचाराच्या दिवसांत मोर्चे वाढणारच. दीर आणि कारागीर पुढं जाऊ देत, लगीनसराई करू देत. जाऊबाई आणि मुलं एप्रिलला.

दोन माणसं असली की साठाही पाचातला दोन भागच लागतो, आणि वेळ आली तर दोघं एका टॅक्सीत विमानतळ गाठतात.

---

माणगंगा

फाटा बरोबर बोलतोय. फक्त जाऊबाई इकडं राहिल्या तर स्वयंपाकाचं बघा, भट्टीवर उभा राहणारा माणूस दुपारी चहा-बिस्किटावर काढतो आणि मग तेजाबाच्या वाफेत चक्कर येते. न्यू रोड-असनच्या भागात मेस मिळते, पण कर्फ्यूत मेसही बंद असते. घरात तांदूळ-डाळ आणि प्रेशर कुकर हवाच. दोघांना ६ किलो तांदूळ-पीठ, दोन भरलेले जार आणि एक चालू.

---

भिवघाटची_वाट

घरी हेच ठरलं, मुलं परीक्षा होईपर्यंत इथं. एक शेवटचं. घरबेटी बंद असलेल्या काळाचं पूर्ण बहाल मागतोय. द्यावं का?

---

टंचवाला

पूर्ण देऊ नका आणि पूर्ण नाकारूही नका. कर्फ्यूचे आणि नंतरचे जे दिवस बाजारच बंद होता तेवढे वगळून मागा, बाकीचं द्या, आणि बदल्यात गच्चीच्या दाराची एक किल्ली आणि पाच नावांचा लेखी करार घ्या. नावं पाचच घाला, आत्ता दोघंच जात असले तरी. पैसे बँकेतून द्या, पावतीवर महिना विक्रम संवतात लिहून घ्या: भदौ किती दिवस, असोज किती दिवस, असं वेगवेगळं. दसैंचं (तिकडच्या दसऱ्याचं) निमित्त होतं म्हणून मिठाई नेलीत तर बोलणं सोपं जाईल, पण किल्ली हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.